सत्तर किलोची तोलाई

फाइल समोर दिसत होती. नाव बरोबर, आकार बरोबर, चालवायची परवानगीही दिलेली. आणि लिनक्स मला सांगत होतं की अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाहीच.

सांगलीच्या मार्केट यार्डात जुलैत फारसं कोणी नसतं. हळदीचा हंगाम संपलेला, सौदे थंडावलेले, बाहेर पत्र्यावर पाऊस. मी एका आडत दुकानाच्या गादीशेजारी स्टुलावर बसून नव्या संगणकात जुना प्रोग्रॅम चालवायला बघत होतो. दुकानाचे मालक, ज्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणते, चहा घेऊन मागे उभे राहिले.

"काय म्हणतंय?"

"फाइल नाही म्हणतंय, अण्णा."

"ही काय, दिसतीया की!"

दिसत तर होतीच. हा लिनक्सचा जुना चकवा आहे आणि माहीत असूनही त्यात माझी दहा मिनिटं जातातच. प्रोग्रॅम आपोआप मेमरीत चढत नाही. त्याला उचलून नेणारा आणखी एक छोटा प्रोग्रॅम असतो, लोडर, आणि त्याचा पत्ता मूळ प्रोग्रॅमच्या डोक्यावरच लिहिलेला असतो. माझा प्रोग्रॅम ३२ बिटांचा, म्हणजे एका वेळी ३२ शून्य-एक हाताळणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी बांधलेला, त्यामुळे त्याच्या डोक्यावर ३२ बिटांच्या लोडरचा पत्ता. नवं यंत्र निव्वळ ६४ बिटांचं बसवलेलं, तिथे तो लोडर नाही. ‘नाही’ म्हणतात ते त्या लोडरला, पण नाव छापतात तुमच्या फाइलीचं. पाहुण्याला न्यायला स्टेशनवर गाडी आली नाही, तर पाहुणाच आला नाही असं घरी कळवण्यातला प्रकार.

प्रोग्रॅम माझाच, २००६ सालचा. तेव्हा मी नुकता धंद्यात पडलो होतो. अण्णांच्या वडिलांनी जुन्या बाजारातून एक पेंटियम थ्री आणला होता, आणि विंडोजचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून मी त्यावर लिनक्स घातलं. सी भाषेत पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याच्या हळदीचं वजन काट्यावरून थेट संगणकात, त्यातून आडत (दुकानाचं कमिशन), हमाली, तोलाई (वजन करणाऱ्याची मजुरी) वजा होऊन छापील पट्टी बाहेर. काट्यातून वजन वाचायची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, काटा देणाऱ्यांनी तयारच दिली होती. तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, मी मागितला होता, ‘पाठवतो’ म्हणाले होते. अजून वाट बघतोय. ते दुकानही आता नाही.

तो पेंटियम एकोणीस वर्षं चालला. उन्हाळ्यात एका विजेच्या झटक्यात गेला. डिस्क तेवढी वाचली.

माणसं विचारतात, ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचं चालतं तरी कसं? चालतं, कारण २००३ साली एएमडीने ६४ बिटांचा ऑप्टेरॉन हा प्रोसेसर बाजारात आणला तो जुन्या सूचना तशाच ठेवून, त्यांच्यावर मजला चढवून. इंटेलच्या १९८५ च्या ३८६ साठी बांधलेलं काम खालच्या मजल्यावर पूर्वीसारखं चालू राहिलं. इंटेल आणि एचपीने त्याआधी इटॅनियम काढला होता. त्यात सगळी मांडणीच नवी होती, जुने प्रोग्रॅम चालायचे पण रखडत. बाजारानं मजलेवाल्याला उचललं. यात मला आश्चर्य कधी वाटलं नाही. आमच्या गावभागात जुना वाडा पाडून कोण बांधतं? वर दोन खोल्या काढतात.

तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६४ चा असला तरी तो ३२ चा प्रोग्रॅम चालवायला घेतो. अडतं ते लायब्ऱ्यांपाशी. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला सी लायब्ररी लागते, कुणाला गणिताचीही लागते, आणि ३२ वाल्याला ती ३२ चीच लागते. एकाच घरात दोन चुली. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात पूर्वी यासाठी आयए३२-लिब्ज नावाचं एकच मोठं गाठोडं मिळायचं, लागो न लागो सगळं त्यात कोंबलेलं. २०१३ च्या डेबियन ७ पासून मल्टिआर्क आलं, तेव्हा दोन्ही चुलींना आपापली फडताळं मिळाली. एकाच नावाची लायब्ररी दोन स्वतंत्र डिरेक्टऱ्यांत, शेजारी शेजारी. डीपीकेजीला, म्हणजे डेबियनमध्ये प्रोग्रॅम बसवणाऱ्याला, सांगायचं की आय३८६, म्हणजे ३२ वाले, हेही घरचंच समज, आणि हवं तेवढंच आणायचं. मग सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या जीसीसीला ‘एम३२’ अशी खूण दिली की त्याच यंत्रावर त्याच सोर्समधून ३२ चा प्रोग्रॅम बांधून मिळतो, नाही दिली तर ६४ चा.

मी आधी सरळ ६४ चा बांधायला गेलो. म्हटलं, नवं यंत्र आहे तर सगळं नवंच करू. तर जोडणी करणारा लिंकर ओळीने सांगायला लागला की काट्याची लायब्ररी ‘विसंगत म्हणून वगळतोय’. मग चालू प्रोग्रॅममधून ती उघडून बघितली. ‘चुकीचा ईएलएफ वर्ग’, म्हणजे फाइलीचं माप जुळत नाही. एका यंत्रात दोन्ही नांदतात, एका कर्नलखाली नांदतात, पण एका प्रोसेसच्या, म्हणजे एका चालू प्रोग्रॅमच्या, आत नाही. तिथे एकच माप.

माझं बालपण मिरजेत गेलं. मिरज जंक्शनात तेव्हा तिन्ही मापांचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचा १६७६ मिलिमीटरचा रुंद, बेळगावकडे जाणारा एक मीटरचा, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइटची ती ७६२ मिलिमीटरची इवलीशी गाडी. वडील मला पुलावर उभं करून दाखवायचे. स्टेशन एक, स्टेशनमास्तर एक, घंटा एक. पण बार्शी लाइटचा डबा रुंद रुळावर ढकलून बघा! माणसं फलाट बदलायची, माल हमाल बदलायचे. आता तिथे सगळे रूळ एकाच मापाचे आहेत.

मीही फलाट बदलण्याचीच सोय केली. प्रोग्रॅमचे दोन तुकडे केले. एक छोटा, ३२ चा, त्याचं काम एवढंच की काट्याच्या लायब्ररीशी बोलायचं. दुसरा मोठा, ६४ चा, पट्टी, खातं, छपाई बघणारा. दोन स्वतंत्र प्रोसेस, मध्ये पाइप. आणि पाइपमधून माल जातो तो साध्या अक्षरांत, एका ओळीला एक वजन. आतल्या बायटींचं (आठ बिटांची एक बायट) पोतं जसंच्या तसं पलीकडे टाकायचं नाही, हे मी त्याच आठवड्यात हात पोळून शिकलो होतो.

झालं असं. जुनं खातं फाइलीत रेकॉर्डवार लिहिलेलं. सोपं करून सांगायचं तर आधी पट्टीचा नंबर, चार बायटी. मग वजन, आठ बायटी. चार आणि आठ बारा. ३२ च्या लिनक्समध्ये बाराच होतात. ६४ मध्ये मात्र आठ बायटींच्या आकड्याला आठच्या पटीतच बसायची सवय, म्हणून नंबरानंतर चार बायटी रिकाम्या सुटतात आणि तेच रेकॉर्ड सोळाचं होतं. सोर्समध्ये एक अक्षर बदललेलं नाही! मी नव्या प्रोग्रॅमने जुनं खातं उघडलं. पहिल्या पट्टीचा नंबर बरोबर आला, वजन शून्य पूर्णांक शून्य शून्य. दुसऱ्या पट्टीचा नंबर कुठल्या तरी परग्रहावरचा. अण्णा मागून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप खाली ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून जुनी फाइल वाचायची ती ३२ वाल्यानेच, असं ठरवून टाकलं. ६४ वाल्याला ‘जागा सोडू नकोस’ असं बजावून वाचायला लावता येतं, मला माहीत आहे. पण ज्यानं लिहिलं त्यानंच वाचावं, यात मला जास्त शांत झोप लागते.

आता खरी गोष्ट.

नव्यावर विश्वास टाकण्याआधी मी एक काम केलं. डिस्कवर होत्या तेवढ्या जुन्या पट्ट्या दोन्हीकडून पुन्हा चालवल्या. तोच सोर्स, एकदा ३२ चा बांधलेला, एकदा ६४ चा. उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. आडत जुळली. हमाली जुळली. तोलाई शंभरातल्या चार-पाच पट्ट्यांत जुळेना. फरक नेहमी एकाचा, आणि नेहमी नव्याचा आकडा जास्त.

या दुकानात तोलाई दर दहा किलोमागे, दहाच्या आतलं सोडून द्यायचं. म्हणजे ७३ किलो असतील तर सात. ७० असतील तरी सात. जुना प्रोग्रॅम ७० ला सहा म्हणत होता.

मी आधी नव्यालाच आरोपी केलं. साहजिक आहे, जुना एकोणीस वर्षं बिनतक्रार चाललेला. मग कागदावर केलं. सत्तर भागिले दहा. हे कागदावर करायची वेळ यावी, यातच काय ते आलं. मग ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करायची जीसीसीची खटपट, बंद करून ३२ चा पुन्हा बांधला, तर ७ आले. चालू केलं की ६. अशा वेळी माणूस देवाला नारळ बोलतो.

कारण सापडलं ते असं. काट्यातून येतात किलो. मी त्यांना शंभराने भागून क्विंटल करत होतो, कारण बाजारात भाव क्विंटलला. ७० किलो म्हणजे ०.७ क्विंटल. आणि ०.७ हा आकडा संगणकाला नेमका मांडताच येत नाही. त्याचं गणित दोनाच्या पटीत, त्यात ०.७ म्हणजे एकानंतर ०११०, ०११०, ०११० असं न संपणारं शेपूट. ते कुठे तरी तोडावं लागतं, आणि तोडल्यावर आकडा केसभर कमी पडतो. त्याला दहाने गुणलं की खरं उत्तर ६.९९९९९९९९९९९९९९९५ च्या आसपास. ६४ वाला हे गुणाकाराचं उत्तर लगेच आपल्या नेहमीच्या मापात बसवतो, आणि तिथे ते ७ होतं. ३२ वाला मात्र १९८० च्या ८०८७ या गणिताच्या चिपपासून चालत आलेल्या पद्धतीने हिशोब करतो. त्याच्या आतल्या खणांची रुंदी ८० बिट. तो ते ६.९९९ तसंच्या तसं, काळजीपूर्वक सांभाळून ठेवतो. मग मी त्याला म्हणतो, दशांशापुढचं सोड. तो सोडतो. सहा.

म्हणजे जो जास्त बारकाईने मोजत होता तो चुकत होता, आणि जो थोडं इकडचं तिकडे करून घेत होता त्याचं बरोबर येत होतं. ऑप्टिमायझेशन बंद केलं की मधला आकडा मेमरीत उतरवून पुन्हा उचलला जातो, उतरवताना तो नेहमीच्या मापात बसतो, म्हणून तेव्हा ७. तीस किलोचंही असंच, साठचंही. वीस, चाळीस, ऐंशी, नव्वद मात्र बरोबर येत होते, कारण त्यांचं शेपूट तोडल्यावर आकडा केसभर जास्त होतो.

पण दोष बिटांचा नव्हता. हातात पूर्ण किलो असताना त्यांचे क्विंटल करून परत किलोंकडे येणं हा वळसा माझा. आणि अपूर्णांकाचं शेपूट छाटून टाकायचं, जवळच्या आकड्याला न नेता, हीही ओळ माझी. पंचविशीतली. ती ओळ वाचताना हस्ताक्षर ओळखल्यासारखं झालं.

मग आठवलं, मी तेव्हा तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. वहीच सापडली. साडेबारा क्विंटल. सव्वासात. पावणेतीन. दीड. अडीच. सगळी उत्तरं बरोबर, पुढे टिकमार्क. वही घेऊन मी बराच वेळ बसलो. पाव म्हणजे एक चतुर्थांश, अर्धा म्हणजे एक द्वितीयांश, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश. हे सगळे दोनाच्या पटीतले अपूर्णांक, संगणकाला तंतोतंत बसणारे, शेपूट नसलेले. मराठी माणसाच्या तोंडात जे आकडे आपोआप येतात तेच मी तपासले होते, आणि नेमके तेच कधी चुकणार नव्हते.

दुकानात एक तोलार आहेत, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. काटा आता इलेक्ट्रॉनिक असला तरी पोतं काट्यावर सरळ ठेवणं, आकडा ठरला की हाक देणं, हे त्यांचंच. मी त्यांना हे सांगायला गेलो तेव्हा ते पोत्यांच्या थप्पीला टेकून तंबाखू मळत होते. बायटी वगैरे सांगितल्या नाहीत. एवढंच म्हटलं, की मामा, या मशीनला पाव-अर्धा-पाऊण नीट कळतं, दशांश नीट कळत नाही.

"मग आमच्यासारकंच की," मामा म्हणाले. "आमाला शाळंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तोंडपाट. आन् आमच्या बाचा हिशोब तर आण्यात."

आणे! सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चौसष्ट पैशांचा रुपया. एक एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि शंभराचा रुपया झाला. मामांच्या वडिलांच्या आण्यातला हिशोब मी या यंत्राला घातला असता तर एक पैसा इकडचा तिकडे झाला नसता. चौसष्टचा रुपया त्याला आवडतो. शंभराचाच सोसत नाही.

"पण मामा, तुमचा एक-एक आकडा कमी लागत होता. इतकी वर्षं. तुम्हाला कळलं नाही?"

मामांनी तंबाखू ओठात सारली. "कळलं नाय कसं? पुरा धाचा आकडा आला की कदीमदी एक कमी याचा. म्या म्हनलं, रिवाज आसंल दुकानाचा."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? मशीनला?"

मी अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. "शेतकऱ्याचं काय कमी लागलं का?" नाही, भाव पूर्ण वजनावर, दशांशासकट, तिथे छाटायची ओळच नाही. शेतकऱ्याकडून तोलाई एक आकडा कमी कापली गेली, तेवढीच मामांना कमी मिळाली. दुकानाला एक पैसाही मिळाला नाही. अण्णा जरा सैल झाले. मग म्हणाले, "तरीबी मामांचं गेलंच की. काढ हिशोब."

एका पट्टीमागे जेमतेम रुपया, कधी त्याहून कमी. पण मामा पहिल्यापासून इथेच आहेत.

हिशोब पूर्ण निघणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. दुकानाच्या डिस्कवर अलीकडची वर्षं असायची, जुनी मी वर्षअखेर सीडीवर उतरवून घरी नेत असे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात त्या सीड्या होत्या. चिखल धुऊन बघितल्या, एकही उघडली नाही. अण्णांना मी हे तेव्हा सांगितलं होतं. ‘जाऊ दे, माणसं वाचली’ म्हणाले होते. आता परत सांगितलं, तर काही म्हणाले नाहीत. मामांना विचारून, मिळालेल्या वर्षांच्या सरासरीने आधीची धरायची असं ठरलं. मामा म्हणाले, धरा नायतर नका धरू.

नव्या प्रोग्रॅममध्ये आता क्विंटल फक्त छापताना होतात. आत सगळीकडे पूर्ण किलो, रुपयांच्या जागी पूर्ण पैसे. तारखाही ६४ बिटांत ठेवल्या, कारण ३२ बिटांची सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच पुरते. जानेवारी म्हणजे नव्या हळदीचे दिवस, काट्यापुढे गाड्या लागलेल्या असतील. तेव्हा ३२ चा तुकडा उरला असेल की नाही, देव जाणे. डेबियन १३ ने २०२५ च्या ऑगस्टात ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंदच केलं. आय३८६ उरलं ते ६४ च्या घरात जुने प्रोग्रॅम सांभाळण्यापुरतं. आमचा तुकडा तसाच राहतोय, वळचणीला. काटा बदलेपर्यंत. आणि अण्णा काटा बदलतील असं काही दिसत नाही.

थकबाकीचं काम रात्री करतो. जुनी बारा बायटींची रेकॉर्डं ३२ वाला वाचतो, प्रत्येक वजन जवळच्या पूर्ण किलोवर आणून ओळीओळीने पाइपात सोडतो. पलीकडे ६४ वाला दहाने भागतो, जुन्या पट्टीवर लागलेला आकडा वजा करतो आणि फरक मांडतो. काल २०२१ चा मार्च संपला. एक ओळ छापली गेली की दुसरी. ३०, ६०, ७०, परत ७०. मामा मध्येच येऊन पडद्याकडे बघून गेले, आणि विचारत होते की हे आण्यात किती होतात.